पी-टू-पीमधले पैसे: अडकले आत्ता, बुडू लागले होते आधीपासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०२३ मध्ये एका ॲपवरून तुम्ही पी-टू-पी कर्जांत, म्हणजे ॲपमार्फत थेट अनोळखी माणसांना दिल्या जाणाऱ्या कर्जांत, पैसे घातले. आधी स्वतःचे दोन लाख, मग अनुभव चांगला आला म्हणून वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतले चार लाख. वर्षभर बारा टक्क्यांच्या हिशेबाने आकडा वाढताना दिसला, मध्ये दोनदा पैसे काढून पाहिले तर लगेच खात्यात आले. आता काढायला गेलं की ‘कर्जदाराकडून परतफेड आल्यावर मिळतील’ एवढंच उत्तर येतं. स्टेटमेंटमध्ये शेकडो कर्जं आहेत, त्यातली बरीच लाल, म्हणजे थकलेली. कंपनीला मेल केला की तोच ठरीव मजकूर परत येतो. सुदामा नगरातल्या तुमच्या ओळखीच्या चार-पाच जणांची हीच गत आहे आणि सगळे मिळून पोलिसांत जायचं म्हणताहेत. थांबावं, तक्रार करावी की केस टाकावी?

मी बँकेत किरकोळ कर्जांच्या वसुलीत बरीच वर्षं काढली. आता इथे इंदूरमध्ये लोकांची कर्जाची आणि गुंतवणुकीची कागदपत्रं वाचून देतो. अशी प्रकरणं गेल्या काही काळात माझ्याकडे वारंवार येताहेत, आणि येणारा प्रत्येक जण चिडलेला असतो. ती चीड रास्त आहे. पण ती नेमकी कशावर धरायची हे कळलं नाही तर महिने वाया जातात, आणि वसुलीत महिने वाया जाणं म्हणजे पैसे वाया जाणं. म्हणून आधी थोडं कारण सांगतो, मग करायचं काय ते. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो: सहाच्या सहा लाख परत येतील असं आश्वासन मी देणार नाही, आणि जो देईल त्याच्यापासून लांब राहा.

पहिलं काम मात्र हे वाचून होण्याआधीच करा. ॲपमध्ये ‘ऑटो-इन्व्हेस्ट’ किंवा पुनर्गुंतवणुकीचा पर्याय चालू असेल तर तो बंद करा. चांगले कर्जदार हप्ता भरतात, ती रक्कम तुमच्या बँक खात्यात न येता पुन्हा नव्या कर्जदाराला दिली जाते, आणि तुम्हाला वाटतं की काहीच परत येत नाहीये. अनेकांच्या बाबतीत महिन्याला येऊ शकणारे पाच-सात हजार असेच फिरत राहिलेले मी पाहिले आहेत.

आता थकबाकी अचानक का वाढली याबद्दल. माझं स्पष्ट मत असं आहे की ती अचानक वाढलेली नाही. आधीपासून होती, तुम्हाला दिसत नव्हती.

सराफ्यात आणि कापड बाजारात हुंडीचे दलाल असत. ज्याच्याकडे पैसा आहे आणि ज्याला हवा आहे, अशा दोघांना ते समोरासमोर आणत, आपली दलाली घेत आणि बाजूला होत. पैसे बुडाले तर देणाऱ्याचे. पण दलालाची पत चांगली असेल तर देणारा घेणाऱ्याकडे न बघता दलालाकडे बघून पैसे देई. पी-टू-पी प्लॅटफॉर्म कायद्याने असा दलालच आहे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०१७ ला या कंपन्यांसाठी नियम काढले, तेव्हापासूनच त्यात लिहिलेलं आहे की प्लॅटफॉर्मने स्वतः कर्ज द्यायचं नाही, ठेवी घ्यायच्या नाहीत, कोणत्याही कर्जाची हमी घ्यायची नाही. कर्ज विनातारण. एका कर्जदाराला एका माणसाने जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यायचे, मुदत ३६ महिन्यांपेक्षा जास्त नाही. सगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून एका माणसाने किती पैसे लावायचे याची मर्यादा आधी १० लाख होती, डिसेंबर २०१९ मध्ये ती ५० लाख केली, आणि १० लाखांच्या वर जाणाऱ्याने आपली मालमत्ता किमान ५० लाखांची असल्याचा सीएचा दाखला द्यायचा.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी घडलं ते वेगळं. कर्जदाराकडून चोवीस, तीस, कधी त्याहून जास्त टक्के व्याज घ्यायचं, तुम्हाला बारा दाखवायचे, आणि मधल्या फरकातून बुडीत कर्जांचा खड्डा बुजवायचा. खड्डा लहान असेपर्यंत हे सुरळीत चालतं. तुम्हाला दर महिन्याला सारखी वाढ दिसते, म्हणजे मुदत ठेवीसारखंच वाटतं. दुसरी सोय ‘कधीही काढा’ ही. तुम्ही दोनदा पैसे काढलेत तेव्हा तुमच्या कर्जदारांनी ते परत केले नव्हते. त्यांची मुदत संपायची होती. तुमच्या जागी एखाद्या नव्या गुंतवणूकदाराला बसवलं गेलं आणि त्याचे पैसे तुम्हाला मिळाले. नवे लोक येत राहिले तोवर जुन्यांना बाहेर पडता आलं. यात प्रत्येक वेळी बदमाशीच होती असं मी म्हणत नाही, पण थकलेलं कर्ज कोणाच्या गळ्यात आहे हे कोणालाच कळत नव्हतं, एवढं नक्की.

१६ ऑगस्ट २०२४ ला रिझर्व्ह बँकेने हे बंद केलं. काही प्लॅटफॉर्म पी-टू-पीला ठरावीक मुदतीच्या, ठरावीक परताव्याच्या गुंतवणुकीसारखं विकताहेत, हवे तेव्हा पैसे काढायची सोय देताहेत आणि ठेवी घेणाऱ्या संस्थांसारखे वागताहेत, असं त्यांना आढळलं होतं. नवे नियम कडक होते. मुद्दल आणि व्याज बुडालं तर तोटा सरळ पैसे देणाऱ्याचा. प्लॅटफॉर्मने तो उचलायचा नाही. एका गुंतवणूकदाराचे पैसे दुसऱ्याला बाहेर काढण्यासाठी वापरायचे नाहीत. एस्क्रो खात्यात, म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्या मधल्या त्रयस्थ खात्यात, पैसे आल्यावर दुसऱ्या दिवसाच्या पुढे पडून राहता कामा नयेत. प्लॅटफॉर्मची फी ठरावीक रक्कम किंवा मुद्दलाचा ठरावीक हिस्सा असावी, परतफेडीशी जोडलेली नसावी. म्हणजे वरचं व्याज आपल्याकडे ठेवण्याची वाट बंद.

नियम योग्य होते, मी त्यांच्या बाजूचा आहे. पण परिणाम काय झाला बघा. खड्डा बुजवणारा फरक गेला, बाहेर पडायचं दार बंद झालं, नव्या गुंतवणूकदारांचा ओघ आटला. त्या दिवशी ज्याच्या खात्यात जी कर्जं होती ती त्याचीच राहिली. तुम्ही तेव्हा आत होतात.

त्यात भर म्हणून कर्जदारांच्या बाजूनेही हवा बदलली होती. १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांसाठी बँकांना आणि एनबीएफसींना, म्हणजे बिगर-बँक वित्त कंपन्यांना, जोखमीचा भार १०० वरून १२५ टक्के केला, म्हणजे अशा कर्जांमागे त्यांना जास्त भांडवल ठेवावं लागू लागलं. ही कर्जं महाग झाली, आणि या कंपन्यांनी छोट्या कर्जांबाबत हात आखडता घेतला. वरवर तांत्रिक वाटतं, पण वसुलीत काम केलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. पाच-पाच ॲपवरून दहा-पंधरा हजार उचललेला माणूस एकाचा हप्ता दुसऱ्याकडून घेऊन भरत असतो. नवं कर्ज मिळतंय तोवर त्याचा प्रत्येक हप्ता वेळेवर जातो आणि क्रेडिट स्कोअरही बरा दिसतो. एक ॲप ‘आता नाही’ म्हणालं की महिना-दोन महिन्यांत सगळे हप्ते एकदम तुंबतात. आणि चोवीस-तीस टक्क्यांनी, अनोळखी लोकांकडून, तारण न देता पैसे घ्यायला कोण येतो? ज्याला बँकेने आधीच नाही म्हटलंय असे बरेच. ते सगळे लबाड नसतात. पण त्यांच्याकडे घट्ट महिना काढायला काहीच शिल्लक नसते.

आता तुमच्या स्टेटमेंटकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे. ॲपवरचा गोल आलेख बघू नका. प्लॅटफॉर्मकडून कर्जनिहाय एक्सेल फाइल मागवा: कर्ज क्रमांक, वाटपाची तारीख, मुद्दल, व्याजदर, मुदत, प्रत्येक हप्त्याची देय तारीख, प्रत्यक्ष आलेली रक्कम आणि तारीख, किती दिवस थकलंय, आणि ऑटो-डेबिट परत आलं असेल तर त्याचं कारण. ही शेवटची गोष्ट मुद्दाम मागा, ती सहसा आपणहून देत नाहीत.

काही दिवसांपूर्वी वीज मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ अशी फाइल छापून घेऊन आले. तिनशेच्या वर ओळी. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. त्यातल्या तीन ओळी सांगतो, कारण तुमच्या फाइलमध्येही याच तीन जाती सापडतील. तिन्ही कर्जं हजार-हजार रुपयांची, बारा महिन्यांची.

पहिलीत एकही हप्ता आलेला नव्हता. वाटप झालं, पुढच्या महिन्याचा पहिलाच हप्ता चुकला, ऑटो-डेबिट परत येण्याचं कारण ‘खातं बंद’. असं कर्ज अडचणीमुळे थकत नाही. एक तर घेणाऱ्याने न भरण्याच्या इराद्यानेच घेतलं, किंवा दुसऱ्याच कोणाची कागदपत्रं वापरली गेली, किंवा प्लॅटफॉर्मने तपासणीच धड केली नाही. वसुलीवाले पहिल्या हप्त्यालाच चुकलेल्या कर्जांकडे वेगळ्या नजरेने बघतात: कर्ज देताना काय बघितलं, हा प्रश्न तिथे उभा राहतो. अशा ओळी दोन-चार असतील तर धंद्याचा भाग समजा. शंभरात दहा-बारा असतील तर तुमच्या तक्रारीचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे.

दुसऱ्या ओळीत सात हप्ते तारखेला आले, मग बंद, कारण ‘अपुरी शिल्लक’, तेही सलग तीन महिने. हा माणूस भरत होता, नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं किंवा वर सांगितली तशी साखळी तुटली. इथे तगाद्याचा उपयोग असतो, हप्ता लहान करून देण्याचा उपयोग असतो. पण जे करायचं ते लवकर. थकून ९० दिवस झाले की कर्ज अनुत्पादक (एनपीए) धरतात, आणि माझा अनुभव असा की त्यानंतर दर महिन्याला हाती येण्याची आशा झपाट्याने कमी होते.

तिसरी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. हप्ता ९४ रुपये ५६ पैसे. आलेले पैसे मात्र कधी चाळीस, कधी साठ, एका महिन्यात काहीच नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा पन्नास. ॲपवर ही ओळ लाल होती, पहिल्या ओळीइतकीच लाल. पण हे कर्ज जिवंत आहे. हा माणूस देऊ बघतोय. त्या गृहस्थांनी सगळ्या लाल ओळी बुडीत धरल्या होत्या. हिरव्या ओळी सोडून दिल्यावर पेन्सिलीने बाजूला काढलेल्या या तिसऱ्या जातीच्या ओळींची बेरीज त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली. तुमच्या फाइलमध्ये हे तीन गट पाडा. मग प्लॅटफॉर्मशी बोलताना ‘माझे पैसे परत द्या’ ऐवजी ‘या क्रमांकाच्या कर्जांत अर्धवट हप्ते येताहेत, तिथे पुनर्रचना केली का, तारीख सांगा’ असं विचारता येतं. अशा प्रश्नाला ठरीव मेल पुरत नाही.

प्लॅटफॉर्म आपल्या संकेतस्थळावर अनुत्पादक कर्जांचं प्रमाण दर महिन्याला, किती जुनं त्याप्रमाणे विभागून, आणि गुंतवणूकदारांना झालेला तोटा जाहीर करतो. तसं करणं त्याला बंधनकारक आहे. ते बघा, पण टक्केवारी काढताना छेद काय घेतलाय, म्हणजे थकबाकीला कोणत्या रकमेने भागलंय, तेही बघा. वाटप वेगाने वाढत असतं तेव्हा नवी कर्जं अजून थकायचीच असतात, म्हणून टक्केवारी छान दिसते. वाटप थांबलं की तीच थकबाकी लहान आकड्यावर मोजली जाते आणि टक्केवारी फुगते. म्हणून एका तिमाहीत दिलेली सगळी कर्जं धरा आणि त्यातली आजवर किती थकली ते विचारा. बँकेत आम्ही पोर्टफोलिओ असाच तपासायचो.

परताव्याचा हिशेबही एकदा कागदावर करा, कारण या प्रकारात तोटा किती पटकन होतो याची कल्पना बहुतेकांना नसते. समजा शंभर जणांना प्रत्येकी हजार रुपये दिले, २४ टक्के दराने, बारा मासिक हप्त्यांत. एका कर्जाचा हप्ता ९४.५६ रुपये, वर्षभरात परत येणार सुमारे १,१३५. म्हणजे पूर्ण फेडलेल्या कर्जातून कमाई १३५ रुपये. आता एकाने दोन हप्ते भरून हात वर केले. त्याच्याकडून आले १८९, गेले ८११. एक बुडालेलं कर्ज सहा चांगल्या कर्जांची पूर्ण कमाई खाऊन टाकतं. शंभरात असे दहा निघाले तर हाती येतात सुमारे १,०४,०१६. प्लॅटफॉर्मची फी एक टक्का धरली तर उरले १,०३,०१६. चोवीस टक्के म्हणून सुरू केलं आणि लाखावर तीन हजार सुटले.

अजून कर बाकी आहे. इथे लोकांना सर्वांत मोठा धक्का बसतो. या उदाहरणात मिळालेलं व्याज सुमारे साडेबारा हजार आहे आणि ते ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ म्हणून तुमच्या स्लॅबने करपात्र आहे. बुडालेलं मुद्दल मात्र त्यातून वजा होत नाही, कारण तुम्ही सावकारीचा व्यवसाय करणारे नाही. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधला माणूस उपकरासह सुमारे ३,९०० रुपये कर भरेल. म्हणजे लाख रुपये लावून, वर्षभर जीव टांगणीला लावून, शेवटी नऊशेच्या आसपास खिशातले गेले. वीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्याला चारेकशे सुटतील. शंभरातले नव्वद लोक वेळेवर फेडत असताना ही अवस्था! मला याचा खरंच राग येतो, की बारा टक्के मोठ्या अक्षरात दाखवणाऱ्या एकाही जाहिरातीत हा साधा हिशेब नसायचा. तुमचं विवरणपत्र भरताना व्याजाचा आकडा सीएला नीट द्या, आणि बुडीत रक्कम परस्पर वजा करून टाकू नका. त्यातून नोटीस येण्याखेरीज काही मिळत नाही.

आता तक्रार. पोलिसांत जायचं की नाही, हे कशाची तक्रार आहे त्यावर ठरतं. कर्जदाराला हप्ता भरता आला नाही, हा गुन्हा नव्हे. त्यासाठी ठाण्यात गेलात तर ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील आणि त्यांचं बरोबर असेल. पण कर्जदारच खोटे होते, पैसे एस्क्रोतून भलतीकडे वळवले गेले, किंवा कंपनीची रिझर्व्ह बँकेकडे पी-टू-पी म्हणून नोंदणीच नव्हती, असं दिसत असेल तर प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेचं आहे. म्हणून आज संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत एनबीएफसींच्या यादीत (पी-टू-पी कंपन्याही त्यातच येतात) नाव बघा. ॲपचं नाव नका शोधू, करारावर असलेलं कंपनीचं नाव शोधा. पुष्कळदा दोन्ही वेगळी असतात, कारण पैसे गोळा करणारं ॲप एकाचं आणि परवाना दुसऱ्याचा असा प्रकार सर्रास होता. यादीत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर कळवा. विनापरवाना ठेवी घेण्याविरुद्ध २०१९ चा केंद्रीय कायदा आहे, तिथे मार्ग वेगळा आहे.

नोंदणीकृत असेल, तर तुमचा मोर्चा प्लॅटफॉर्मच्या कर्तव्यांकडे वळवा. तोट्याची भरपाई त्यांच्यावर बंधनकारक नाही, पण बरंच काही बंधनकारक आहे. नियम असा आहे की प्रत्येक कर्जदाराला तुम्ही स्वतः मान्यता दिल्याशिवाय आणि करारावर सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कर्ज वाटायचं नाही. मग तुमच्या त्या शेकडो कर्जांना तुम्ही मान्यता कधी दिलीत? तिची नोंद आणि करारांच्या प्रती मागा. कर्ज देण्याआधी कर्जदाराची माहिती, मागितलेला दर आणि क्रेडिट स्कोअर तुम्हाला दाखवला का, विचारा. कर्जदारांची परतफेड सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवली जातेय का, विचारा. कारण पुढचं कर्ज अडेल ही भीती कुठल्याही तगाद्यापेक्षा जास्त काम करते. वसुलीसाठी काय केलं, किती जणांना नोटीस गेली, लवादाकडे किती प्रकरणं नेली, तेही विचारा. हजार रुपयांसाठी तुम्ही एकट्याने दावा लावणं परवडत नाही. वसुलीची सेवा देणं हे प्लॅटफॉर्मचं काम आहे आणि तो एकाच कर्जदाराविरुद्ध तुमच्यासारख्या पैसे देणाऱ्या सगळ्यांच्या वतीने एकत्र पुढे जाऊ शकतो.

हे सगळं त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी, एकाच मेलमध्ये, कर्ज क्रमांकांसकट. त्या अधिकाऱ्याचं नाव-पत्ता संकेतस्थळावर असायलाच हवा. एक महिन्यात समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेकडे जा. तिच्या लोकपाल योजनेत सगळ्या एनबीएफसी बसत नाहीत, बऱ्याच पी-टू-पी कंपन्या आकाराने त्याबाहेर राहतात; अशांच्या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण आणि संरक्षण कक्षाकडे जातात. मध्य प्रदेशासाठी प्रादेशिक कार्यालय भोपाळला आहे, पण फेरी मारायची गरज नाही, रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवरून अर्ज होतो. ‘परतावा बुडाला’ असं लिहाल तर फाइल बंद होईल. ‘हमी परतावा आणि कधीही काढण्याची सोय सांगून विकलं’ असं लिहा आणि पुरावा जोडा: तेव्हाच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट, आलेले मेल, व्हॉट्सॲपवरचा संदेश, ॲपवरचं ‘सुरक्षित’ वगैरे लिहिलेलं पान. हे लोक पानं बदलतात, म्हणून जे आज फोनमध्ये आहे ते आजच दुसरीकडे साठवा. सुदामा नगरच्या मंडळींनी प्रत्येकी स्वतंत्र अर्ज करावा; पन्नास जणांच्या सह्यांच्या एका पत्रापेक्षा वेगवेगळ्या पुराव्यांचे पाच अर्ज जास्त वजनदार ठरतात.

सेवेत त्रुटी म्हणून ग्राहक आयोगातही जाता येतं. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे इंदूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकता, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. समोरचा वकील ‘हे ग्राहक नाहीत, नफ्यासाठी पैसे लावणारे आहेत’ म्हणणार, त्याची तयारी ठेवा. वडिलांचे चार लाख निवृत्तीच्या रकमेतले होते आणि ‘ठेवीसारखं’ म्हणून विकलं गेलं, हे तिथे उपयोगी पडेल. तक्रार कोणाच्या नावाने हेही बघा. पैसे तुमच्या खात्यातून, तुमच्या नावाने गेले असतील तर तक्रारदार तुम्हीच.

दोन गोष्टी करू नका, हात जोडून सांगतो. पहिली, कर्जदारांचे नंबर मिळवून त्यांना फोन करणं, त्यांची नावं कुठे टाकणं. रिझर्व्ह बँकेने अधिकृत वसुली करणाऱ्यांनाही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई केली आहे. तुम्ही केलेली धमकी तुमच्याच अंगावर येईल. शिवाय हजार रुपये थकलेला माणूस बहुधा तुमच्याहून वाईट अवस्थेत असतो. मी वसुलीच्या कामात अशा घरांत गेलो आहे, आणि ओरडण्याने तिथून कधी पैसे निघालेले मला आठवत नाही. शांतपणे छोटा हप्ता ठरवल्यावर मात्र निघाले.

दुसरी, ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. शेअर बाजाराच्या टिप्स विकणाऱ्या इथल्या कंपन्यांवर सेबीने केलेल्या कारवाया आपण वाचल्या आहेत. अडकलेल्या गुंतवणूकदारांच्या याद्या अशा लोकांकडे पोहोचतात. फोनवर तुमच्या गुंतवणुकीचा अचूक आकडा सांगितला म्हणून तो माणूस खरा ठरत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

बाहेरच्या जगात हे आधी झालं आहे, तेही सांगतो, म्हणजे हा धंदा आपल्याकडेच फसला असं वाटायला नको. ब्रिटनमध्ये २००५ मध्ये झोपा (Zopa) नावाच्या कंपनीने ही पद्धत सुरू केली, २०२१ मध्ये तिनेच हा व्यवसाय बंद केला. अमेरिकेच्या लेंडिंगक्लबने २०२० अखेर सामान्य गुंतवणूकदारांसाठीचं दार बंद केलं. चीनमध्ये हजारो प्लॅटफॉर्म होते, नोव्हेंबर २०२० पर्यंत एकही उरला नाही. सामान्य माणसाच्या बचतीने विनातारण छोटी कर्जं द्यायची आणि तिला ठेवीची सुरक्षितता वाटेल असं ठेवायचं, हे गणित कुठेच फार काळ जमलेलं नाही.

वडिलांच्या चार लाखांबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात खरा सल तोच दिसतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे काहीच नाही. २०२३ मध्ये, ज्या वर्षी तुम्ही पैसे लावले, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर एप्रिलपासून ८.२ टक्के मिळत होते आणि तेव्हापासूनच तिची मर्यादा ३० लाख झाली होती. फरक चार टक्क्यांहून कमी होता. त्यांना अजून सांगितलं नसेल तर सांगा, आणि फाइल घेऊन सांगा: हिरव्या ओळी इतक्या, अर्धवट येणाऱ्या इतक्या, गेल्यात जमा इतक्या. पुढच्या महिन्यापासून परत येणारी प्रत्येक रक्कम आधी त्यांच्या खात्यात वळती करा, तुमचे दोन लाख नंतर. आणि हप्ते थकायला लागल्याच्या तारखा नीट लिहून ठेवा: दिवाणी वसुलीची मुदत प्रत्येक चुकलेल्या हप्त्यापासून तीन वर्षं असते, मधल्या काळात कर्जदाराने थोडे पैसे भरल्याची त्याच्या सहीनिशी नोंद असेल किंवा देणं लेखी मान्य केलं असेल तर ती तिथून नव्याने मोजली जाते. तिसऱ्या गटातल्या त्या चाळीस-पन्नास रुपयांच्या नोंदी आणि त्यांच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवा.